मिस्ट्री शॉपिंग: दर कामाला नवी पात्रता परीक्षा, तीही फुकटात?

बोरिवली_स्लो:
ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कंपनी एजन्सीला काम देते. एजन्सी आपल्याला साधं गिऱ्हाईक म्हणून शोरूममध्ये, बँकेत, पेट्रोल पंपावर नाहीतर फूड कोर्टात पाठवते. आपण खरेदी करायची, बघायचं, घरी येऊन रिपोर्ट भरायचा. माझ्याकडे येणारी बहुतेक कामं दोनशे ते पाचशे रुपयांची असतात. खरेदीचे पैसे बिल जोडल्यावर वेगळे मिळतात.

पण काम हातात पडायच्या आधी परीक्षा असते. पंधरा-वीस पानी गाइडलाइन्स वाचा, मग ऑनलाइन क्विझ द्या. पास व्हायला कुठे ऐंशी टक्के लागतात, कुठे शंभर. नापास झालात की ते काम गेलं, आणि काही ठिकाणी तो क्लायंटच कायमचा बंद. बरं, पास झालात तरी काम मिळेलच असं नाही. कामं वाटणाऱ्या शेड्युलरने तोवर दुसऱ्याला दिलेलं असतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. एका क्लायंटची परीक्षा एकदा पास झाली की ती सहा महिने तरी चालली पाहिजे. दर फेरीला तीच परीक्षा नव्याने द्यायला लावणं म्हणजे आमचा तासभर फुकटात घेणं आहे. प्रश्न तरी धड असावेत! कंपनीची स्थापना कधी झाली, तिचे ब्रँड किती, हे मला विचारून काउंटरवरची सेवा कशी कळणार? आणि सगळं इंग्रजीत. दादरच्या दुकानात मी मराठीत बोलणार, सेल्समन मराठीत उत्तर देणार, मग परीक्षा मराठीत का नको?

काउंटरपलीकडे:
मी दुसऱ्या बाजूचा. एका मॉलमध्ये फूड काउंटरवर शिफ्ट सांभाळतो, म्हणून तुमचे रिपोर्ट आमच्यापर्यंत कसे येतात ते सांगतो.

आमच्याकडे ऑर्डर घेतल्यापासून ट्रे हातात देईपर्यंतची वेळ मोजतात. घड्याळ सुरू होतं बिल निघाल्यावर. एकदा शनिवारी संध्याकाळी कोणी शॉपर येऊन गेला आणि त्याने वेळ मोजली रांगेत उभं राहिल्यापासून. शनिवारी रांग कुठपर्यंत जाते हे मॉलमध्ये जाणाऱ्याला सांगायला नको. रिपोर्टमध्ये आम्ही उशीर केला असं आलं. बिलावर वेळ छापलेली होती, पण ती कोणी ताडून पाहिली नाही. त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह अख्ख्या टीमचा गेला. त्यात ट्रे देणारी मुलगी होती, तिला या सगळ्याचा पत्ताही नव्हता.

तुमच्या तीनशे रुपयांमागे आमचे हजारो असतात. त्यामुळे परीक्षा दरवेळी झालीच पाहिजे, आणि शंभर टक्क्यांचीच.

ठाणे_फास्ट:
वरच्याशी शंभर टक्के सहमत. बोरिवली ताई, सहा महिन्यांची मुदत ऐकायला बरी वाटते, पण गाइडलाइन्स मध्येच बदलतात. एका फेरीत सेल्समनने स्वतःहून एक्स्चेंज ऑफर सांगितली का ते बघायचं असतं, पुढच्या फेरीत तीच आपण विचारायची असते. जुन्या आठवणीवर गेलात की रिपोर्ट बाद, मानधन बाद, खरेदीचे पैसेही आपल्याच खिशातून. परीक्षा आपल्यालाही वाचवते.

नव्यांनी एवढं करावं. आधी रिपोर्टचा कोरा फॉर्म उघडा, मग गाइडलाइन्स वाचा. फॉर्ममध्ये काय भरायचंय हे कळलं की त्या पंधरा पानांतलं काय लक्षात ठेवायचं ते आपोआप कळतं. भेटीची वेळ, थांबायची मिनिटं, काय विचारायचं नाही आणि फोटो कधी काढायचा, हे चार मुद्दे वहीत उतरवा. बहुतेक क्विझ तिथेच फिरतात. दुसरं, परीक्षा एक-दोन दिवसांत जाणार असाल तेव्हाच द्या. आणि भुयारी मेट्रोत बसून देऊ नका. नेटवर्क गेलं, पान अडकलं, तर एक संधी वाया जाऊ शकते.

बोरिवली_स्लो:
काउंटरवाले दादा, तुमचं नुकसान झालं त्याचं मनापासून वाईट वाटतं. पण तुमचाच किस्सा माझी बाजू मांडतो. घड्याळ कुठून सुरू करायचं, हा एकच प्रश्न त्या परीक्षेत कळीचा. तो वीस प्रश्नांत सतरावा असेल आणि पास व्हायला ऐंशी टक्के लागत असतील, तर तोच चुकवूनही माणूस पास होतो! परीक्षा दरवेळी घेतल्याने ते थांबणार नाही. चार प्रश्न विचारा, पण ते चारही बरोबर आलेच पाहिजेत असं ठेवा.

आणि ठाणेकर, गाइडलाइन्स बदलल्या तर बदललेलं तेवढंच विचारा ना. सगळी पोथी पुन्हा का वाचायला लावता?

चाळीतला_वाचक:
उत्तरं मिळणारे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत की. एवढा वाद कशाला?

काउंटरपलीकडे:
कारण त्या ग्रुपवरून पास झालेला माणूस माझ्या काउंटरवर येतो आणि माझ्या पोरांना मार्क देतो.

बोरिवली_स्लो:
या एका बाबतीत मी पूर्ण काउंटरवाल्या दादांच्या बाजूने. उत्तरं वाटणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही.

केईएमसमोर:
मी या धंद्यातली नाही, आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. पण आमच्याकडे हेच तंत्र वापरतात. २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटण्यात एक मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षित माणसं क्षयरोगाची लक्षणं सांगत खासगी डॉक्टरांकडे गेली आणि डॉक्टर काय करतात ते त्यांनी नोंदवलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: जेमतेम ३५ टक्के भेटींमध्ये रुग्णाला योग्य तऱ्हेने हाताळलं गेलं होतं. या आकड्यावर विश्वास का बसतो? कारण त्या 'रुग्णां'ची तयारी कसून करून घेतली होती. कुठला खोकला, किती दिवसांचा, डॉक्टरने हे विचारलं तर काय सांगायचं, सगळं घटवून घेतलेलं. अमुक प्रश्नाला अ, ब की क, असली क्विझ तिथे पुरली नसती. म्हणून मला वाटतं, परीक्षा हवी की नको यावर भांडण्यापेक्षा ती कशाची घेता ते बघा. दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवा आणि त्यावरून रिपोर्ट भरून घ्या. कोण नीट बघतो ते लगेच कळेल.

ठाणे_फास्ट:
ताई, कल्पना चांगली आहे, पण तो संशोधनाचा प्रकल्प. तीनशे रुपयांच्या पिझ्झाच्या कामाला कोण व्हिडिओ बनवणार आणि कोण तपासणार? एमएसपीए ही या धंद्यातली आंतरराष्ट्रीय संघटना शॉपरना प्रमाणपत्रं देते, पण ते असलं तरी कामाची क्विझ चुकत नाही. एजन्सीला स्वस्तात, एका रात्रीत, शंभर माणसं पारखायची असतात. त्याला क्विझच चालते.

बोरिवली_स्लो:
एजन्सीला स्वस्तात हवं असतं, हेच तर मी पहिल्यापासून म्हणतेय. तिला ते स्वस्त पडतं, कारण वेळ आमचा जातो. परीक्षेचा वेळ मानधनात धरा, मग महिन्यातून चार घ्या. माझी ना नाही.

नवी_मुंबईकर:
मध्येच विचारते, माफ करा. टेलिग्रामवर एकाने मला मिस्ट्री शॉपरची 'पात्रता परीक्षा फी' सातशे रुपये सांगितली आहे, पास झाल्यावर परत मिळेल म्हणे. भरू का?

ठाणे_फास्ट:
अजिबात नको! खरी एजन्सी नोंदणीला किंवा परीक्षेला पैसे मागत नाही. ही फसवणूक आहे. भरले असतील तर आत्ता, या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत.

नवी_मुंबईकर:
नाही भरले. थँक्यू.

बोरिवली_स्लो:
मी आमच्या शेड्युलरना मेल लिहितेय. तीन मागण्या आहेत. वेळ कुठून मोजायची यासारखे कळीचे प्रश्न वेगळे काढा आणि त्यांत चूक चालणार नाही असं ठेवा. परीक्षा मराठी आणि हिंदीतही द्या. एकदा पास झालेल्याला सहा महिने फक्त बदललेलं विचारा. कोण कोण नाव घालणार?

केईएमसमोर:
मी शॉपर नाही, माझ्या नावाचा उपयोग नाही. पण 'रिपोर्टवर आक्षेप आला तर बिलावरची वेळ ताडून पाहा' हेही त्यात लिहा.

ठाणे_फास्ट:
पहिल्या दोन मागण्यांना माझं नाव घाला. तिसरीला नाही.

काउंटरपलीकडे:
मीही तिसरीच्या विरोधात. आणि बिलाचा मुद्दा सगळ्यात वर घ्या.