वचन 'पाळलं' की 'पूर्ण केलं'? आणि रेग्युलेशनला काय म्हणायचं?

नौपाडकरीण
एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडले आहे. अमेरिकेतल्या एका सिनेटरने मतदारांना सांगितलं होतं, की वीजनिर्मितीवरच्या केंद्राच्या एनर्जी रेग्युलेशन्सना मी विरोध करीन. ऑगस्ट २०१५ मध्ये ओबामा सरकारने क्लीन पॉवर प्लॅन आणला. वीजकेंद्रांचं कार्बन उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३२ टक्क्यांनी खाली आणायचं, असा तो होता. नोव्हेंबरात सिनेटने तो रद्द करायचा ठराव ५२ विरुद्ध ४६ मतांनी मंजूर केला, ह्या गृहस्थांचं मत त्या ५२ मध्ये. प्रतिनिधिगृहानेही केला, पण ओबामांनी नकाराधिकार वापरला आणि ठराव तिथेच संपला.

मी लिहिलं, 'त्यांनी वचन पूर्ण केले'. नवऱ्याने वाचून विचारलं, "म्हणजे नियम रद्द झाले का?" ठरावाने तर नाही झाले. मग 'पाळले' लिहू का? आणि 'ऊर्जा नियमनाला विरोध' हे वाचून सासूबाई म्हणाल्या, "लोडशेडिंगला ना?"

पाचपाखाडी
ताई, 'पाळले'च लिहा. पाळणं हे वागण्याचं आहे, पूर्ण करणं हे निकालाचं. आपण पथ्य पाळतो, सुतक पाळतो, वेळ पाळतो. पथ्य पाळूनही दुखणं बरं झालं नाही तर पथ्य मोडलं असं कुणी म्हणत नाही. माझी आजी म्हणायची, 'शब्दाला जागला'. मिठाला जागतात तसं. त्यात यश-अपयश येतच नाही, माणूस झोपला नाही एवढंच येतं. मला तर हाच सगळ्यात नेमका वाटतो.

वाशीकर
असहमत. शब्दाच्या मुळाशी जा. वि + रुध्. रुध् म्हणजे अडवणं. अवरोध, निरोध, प्रतिरोध सगळीकडे तोच धातू. जो अडवू शकला नाही त्याने विरोध केला असं म्हणताच येत नाही, फार तर नापसंती दाखवली म्हणा.

ऐरोलीचे सर
वाशीकर, मी चोवीस वर्षं दहावीला भौतिकशास्त्र शिकवलं. तारेतला रोध विद्युतधारा बंद पाडत नाही, कमी करतो. रोध दुप्पट झाला तर, विभवांतर तेच असताना, धारा निम्मी होते, शून्य नाही. तुमचाच धातू तुमच्या विरुद्ध साक्ष देतोय. आणि विरोधी पक्ष पाच वर्षं बसून एकही विधेयक अडवू शकला नाही, तरी तो विरोधी पक्षच असतो ना?

कोपरी_पूर्व
धातू बाजूला ठेवा, लोक काय ऐकतात ते बघा. आमच्या सोसायटीत एकाने 'पार्किंगचे पैसे वाढवायला विरोध करीन' असं सांगून समितीत जागा मिळवली. सभेत हात वर केला, इतिवृत्तात 'विरोध नोंदवला' अशी ओळ आली, पैसे वाढले. त्यानंतर एकाही घरात 'शब्द पाळला' असं कुणी म्हणालं नाही. विरोध नोंदवणं आणि विरोध करणं ह्यात मराठीत फरक आहे. ताई, तुमच्या सिनेटरने मत देण्यापलीकडे काय केलं? भाषणं, दुरुस्त्या, इतरांना वळवणं? नुसतं मत असेल तर 'विरोध नोंदवण्यापुरता शब्द पाळला' एवढंच लिहा.

नौपाडकरीण
ही गोष्ट मला सुचली नव्हती. लेखात फक्त मतांची यादी आहे. एक भर: फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशी स्थगिती दिली आणि ती योजना अमलात आलीच नाही.

पाचपाखाडी
मग वचन पूर्ण झालं, त्याने केलं नाही. मराठीचं क्रियापदच निवाडा देतंय.

वाशीकर
स्थगिती म्हणजे पूर्ती नव्हे. आणि 'रेग्युलेशन'ला सरळ 'निर्बंध' लिहा. सावरकरांनी भाषाशुद्धीत कायद्यालाच हा शब्द सुचवला होता.

घणसोलीची माई
नको. आजच्या वाचकाला निर्बंध म्हणजे बंदी. तो शब्द लिहिलात की तुम्ही त्या सिनेटरच्या बाजूने बोललात. मी कायद्याची भाषांतरं करते. आपल्याकडे २००३ च्या विद्युत अधिनियमात सरकार करतं ते 'नियम' आणि राज्य वीज नियामक आयोग करतो ते 'विनियम'. तिकडे पर्यावरण खातंच नियम करतं, म्हणून साधं 'नियम' पुरे. 'नियमन' मात्र टाळा, सासूबाईंचं बरोबर आहे. भारनियमनाने तो शब्द आपल्यासाठी कायमचा अंधारात नेलाय.

वागळे_इस्टेट
माई, अगदी. आणि भारनियमन हा शब्दच मला प्रामाणिक वाटत नाही. वीज कापायची आणि नाव द्यायचं नियमनाचं. 'वीजकपात' म्हणायला काय झालं होतं? माझे वडील इथल्याच कारखान्यात होते. आमच्या भागात विजेपायी आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. त्याला कामगार 'स्टॅगरिंग' म्हणायचे, मराठी शब्द कुणी काढलाच नाही. रविवारी मी घरी, बाबा कामावर. त्या एका शब्दाने आमचं घर वेगळ्या दिवशी सुट्टी घेत राहिलं.

ऐरोलीचे सर
अवांतर होतंय, पण 'वीज' प्राकृत 'विज्जु'वरून आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आलेला शब्द. तो असताना 'लाईट गेली' का म्हणायचं?

कोपरी_पूर्व
कारण सगळे तेच म्हणतात, सर. पण 'गेली' की 'गेले'? आमच्याकडे 'लाईट गेले', अनेकवचन.

घणसोलीची माई
'गेली'. वीज स्त्रीलिंगी, म्हणून लाईटही.

कोपरी_पूर्व
दिवे गेले, म्हणून लाईट गेले. माझी आई कळव्याची, ती आजही 'दिवे गेले' म्हणते.

नौपाडकरीण
उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. 'विरोधाचा शब्द पाळला' लिहितेय. 'नोंदवण्यापुरता' घालू की नको, तेवढं कुणीतरी सांगा.

वागळे_इस्टेट
आमच्याकडे 'लाईट गेली'च. पण आल्यावर सगळी चाळ ओरडायची 'आले, आले!' हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.