दहा लाडू, चार डबे : भागाकार का जुळत नाही?

प्रश्न :
दहा एकसारखे बेसनाचे लाडू चार डब्यांत भरायचे आहेत आणि एकही डबा रिकामा ठेवायचा नाही. डब्यांवर वेगवेगळी नावे असतील, तर लाडू एका ओळीत मांडून त्यांच्यामधल्या ९ फटींपैकी ३ फटींत काड्या ठेवायच्या. याचे ८४ प्रकार होतात, इथपर्यंत शंका नाही. परंतु डबेही एकसारखे असतील, तर चार डब्यांची आपापसांत २४ प्रकारे अदलाबदल होते म्हणून ८४ ला २४ ने भागावे असे वाटते, आणि उत्तर साडेतीन येते. भागाकार नेमका कुठे अडतो?

पहिले उत्तर :
प्रत्येक वाटणी २४ वेळा मोजली गेली आहे, असे आपण धरून चालला आहात आणि तेच येथे खरे नाही. ४-३-२-१ ही वाटणी नावांच्या डब्यांत २४ प्रकारे येते. परंतु ७-१-१-१ मध्ये सात लाडवांचा डबा कोणता एवढेच ठरवायचे असल्याने ती चारदाच येते. सरळ यादी करावी : ७-१-१-१, ६-२-१-१, ५-३-१-१, ५-२-२-१, ४-४-१-१, ४-३-२-१, ४-२-२-२, ३-३-३-१ आणि ३-३-२-२. त्या अनुक्रमे ४, १२, १२, १२, ६, २४, ४, ४ आणि ६ वेळा येतात, आणि बेरीज बरोबर ८४ भरते. उत्तर ९. सूत्राच्या मागे लागू नये. रामानुजन आणि हार्डी यांनी १९१८ मध्ये संख्यांच्या अशा विभाजनांसाठी जे सूत्र दिले, ते पाहिले की यादीच बरी वाटते.

दुसरे उत्तर :
लाडू दहा निरनिराळ्या प्रकारांचे असते, तर मात्र भागाकार बिनदिक्कत चालला असता. नावांच्या चार डब्यांत, एकही रिकामा न ठेवता, असे लाडू ८,१८,५२० प्रकारे भरता येतात, आणि २४ ने भागल्यावर ३४,१०५ हे अचूक उत्तर मिळते, कारण कोणत्याही दोन डब्यांतला ऐवज कधीच सारखा नसतो. रिकामे डबे चालतील म्हटले, की तेथेही गाडी अडते. दोन रिकाम्या डब्यांत फरक तो काय करणार?

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. एका डब्यात चारांहून अधिक लाडू मावत नसतील, तर?

पहिले उत्तर देणारे :
यादीतल्या पहिल्या चार वाटण्या गळतात आणि ५ उरतात. नावांचे डबे असल्यास एका डब्यात चार लाडू आधीच ठेवून उरलेले सहा चारही डब्यांत किमान एकेक असे वाटावेत. याचे १० प्रकार होतात, आणि त्या डब्यात पाच किंवा अधिक लाडू जातात. दोन डब्यांत एकदम पाच-पाच गेले तर बाकीचे रिकामे राहतील, म्हणून दुहेरी मोजणीची भीती नाही. ८४ मधून ४० वजा करता ४४ उरतात, आणि यादीतले ६, २४, ४, ४, ६ मिळवूनही तेवढेच येतात.