समीक्षेच्या संज्ञा वाचायला शिकवतात की वाचन टाळायला?

कोरा_समास

साहित्याच्या अभ्यासात संज्ञा हव्यात की नकोत, एवढा भाबडा प्रश्न मी विचारत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की आहेत त्यातल्या निम्म्या तरी काढून टाकाव्यात. कोणत्या काढायच्या? संज्ञा कळल्यावर पानावर आधी न दिसलेलं काही दिसू लागलं तर ती ठेवा. नुसतं नाव चिकटवून पुढे सरकता येत असेल तर ती पळवाट आहे.

"या कवितेत करुण रस आहे." बरं, मग? 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरताने ८ स्थायी (टिकून राहणारे) भाव आणि ३३ व्यभिचारी (येणारे-जाणारे) भाव सांगितले ते रंगभूमी समोर ठेवून. विभाव (भावनेची कारणं), अनुभाव (तिच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा) आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस, म्हणजे प्रेक्षकाला मिळणारा भावनेचा आस्वाद, निष्पन्न होतो, हे त्याचं सूत्र. सगळा भर संयोगावर, म्हणजे हे घडतं कसं यावर. आपण ते 'कसं' टाकून दिलं आणि शेवटची चिठ्ठी तेवढी जपून ठेवली.

नव्या संज्ञांचंही तेच. फ्रान्समधल्या विचारवंत ज्युलिया क्रिस्तेवाने १९६०च्या दशकात आंतरसंहितीयतेची, म्हणजे प्रत्येक संहिता इतर संहितांच्या जाळ्यात घडते अशी, कल्पना मांडली. लोकांनी तिचा अर्थ 'कुणी कुणाकडून काय उचललं' इतकाच घेतला. शेवटी १९७४मध्ये तिलाच वैतागून दुसरा शब्द सुचवावा लागला. तरी आजही प्रबंधाच्या शीर्षकात हा शब्द असतो आणि आत प्रभावांची यादी!

तळटीप

असहमत. तुमची कसोटी मान्य आहे, पण तीच लावली तर फार थोड्या संज्ञा गळतील.

हे वाचा: "तो खिडकीशी थांबला. आता कशाला येतेय ती? उद्या तर तिचं लग्न होतं." यातलं शेवटचं वाक्य कोणाचं? निवेदकाचं म्हणावं तर निवेदक असा चरफडणार नाही. पात्राचं म्हणावं तर अवतरणचिन्हं नाहीत, आणि पात्र स्वतःशी बोलताना 'उद्या लग्न आहे' म्हणेल, 'होतं' नाही. काळ निवेदकाचा आणि चडफड पात्राची. याला मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात. नाव माहीत नसलेला वाचक यावरून घसरत पुढे जातो, आणि कधीकधी त्याची किंमत मोठी असते.

१८५७मध्ये फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरवर 'मादाम बोव्हारी' या कादंबरीसाठी खटला भरला गेला. परपुरुषाशी संबंध आल्यानंतर नायिका एमा आरशात बघून स्वतःवरच खूश होते, त्या उताऱ्यावर सरकारी वकील पिनार यांचा मोठा आक्षेप होता: लेखक व्यभिचाराचं गुणगान करतोय! जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी नंतर दाखवून दिलं की ती वाक्यं लेखकाचं मत नाहीत, एमाच्या मनातली आहेत. पिनार यांना निवेदक आणि पात्र वेगळे करता आले नाहीत. या तंत्राला भाषाशास्त्रज्ञ शार्ल बाली यांनी नाव दिलं ते १९१२मध्ये, खटल्यानंतर ५५ वर्षांनी. संज्ञेअभावी एक माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात गेला, असं मी म्हणेन.

निवांत_वाचक

तळटीप +१. खिडकीचं उदाहरण दोनदा वाचलं. आता प्रत्येक कादंबरीत हेच शोधत बसणार, झोपेचं खोबरं!

कोरा_समास

तळटीप, उदाहरण झकास आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. फ्लोबेरने ते तंत्र वापरलं तेव्हा नाव अस्तित्वातच नव्हतं. त्याच्या आधी जेन ऑस्टिननेही वापरलं होतं. त्यांच्या कितीतरी वाचकांना ते बरोबर पोचलं. बचावाच्या वकिलांनी कादंबरी वाईटाचा तिटकारा निर्माण करून सद्गुणाकडे नेते असा साधा युक्तिवाद केला आणि फ्लोबेर सुटला. (न्यायालयाने चार कानपिचक्या दिल्याच, ते सोडा.) पिनार यांना संज्ञा माहीत असती तरी त्यांनी खटला भरलाच असता. त्यांना कादंबरी समजून घ्यायची नव्हती, शिक्षा हवी होती.

तळटीप

हेतूचं मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण बचावाचा युक्तिवाद पुन्हा बघा. त्या वकिलांनाही 'हे एमाचे विचार आहेत, लेखकाचे नाहीत' हे नेमकं बोट ठेवून सांगता आलं असतं, तर नीतिपाठाच्या आडून कादंबरी वाचवावी लागली नसती. निकाल बरोबर लागला, पण वाचन दोन्ही बाजूंचं चुकीचं होतं. वाचकाला 'पोचतं' म्हणता ते ठीक. पोचलेलं दुसऱ्याला दाखवायचं, त्यावर वाद घालायचा, तर बोट ठेवायला जागा लागते.

शाईचा_डाग

वाद चांगला चाललाय, त्यात इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्सला आणतो. त्याने केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवींची नावं झाकून कविता दिल्या आणि मतं लिहायला सांगितली. त्यातून १९२९चं त्याचं पुस्तक उभं राहिलं. शिकलेली, साहित्याची आवड असलेली ही मुलं. पण जॉन डन आणि हॉपकिन्स या नावाजलेल्या कवींच्या कवितांना पुष्कळांनी मोडीत काढलं. अनेकांना कवितेचा सरळ अर्थही लागला नव्हता. 'मन मोकळं ठेवून वाचा, बाकी आपोआप कळतं' म्हणणाऱ्यांनी तो अहवाल बघावा. मोकळ्या मनात आधीच बरंच सामान असतं.

कोरा_समास

शाईराव, तुम्ही अर्धंच सांगितलंत! रिचर्ड्सने वाचनातल्या १० अडचणींची यादी केली. साचेबंद प्रतिसाद, भावविवशता वगैरे आहेतच, पण त्याच यादीत तांत्रिक पूर्वग्रहही आहेत. यमक चोख जुळलं नाही, म्हणजे कविता फसली. सुनीत (चौदा ओळींची कविता) असंच असतं, हे तसं नाही, म्हणजे वाईट. त्यापुढे समीक्षेचे सर्वसाधारण पूर्वग्रह ही आणखी एक वेगळी अडचण. अर्धवट परिभाषा डोक्यात घेऊन आलेला वाचक कोऱ्या वाचकाइतकाच चुकतो, वर त्याला आपलं बरोबर आहे अशी खात्रीही असते.

शाईचा_डाग

हा भाग मान्य. पण 'साचेबंद प्रतिसाद' ही रिचर्ड्सचीच संज्ञा आहे आणि ती तुम्ही आत्ता मजेत वापरलीत :)

पाठांतर_पुरे

मी एम.ए.ला आहे. तुमची कसोटी छान, पण प्रश्नपत्रिका ती पाळत नाही. 'अपरिचितीकरण ही संकल्पना स्पष्ट करा' असा प्रश्न येतो. उत्तरात श्क्लोव्हस्की (रशियन समीक्षक), १९१७ आणि रूपवाद (त्याचा संप्रदाय) लिहिलं की गुण मिळतात. एखादी कविता देऊन 'इथे नेहमीची गोष्ट अनोळखी कशी केली आहे ते दाखवा' असं विचारलेलं मी तरी पाहिलं नाही. रोग संज्ञेत नाही, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. आणि याच्यात विनोद असा की सवयीने वस्तू दिसेनाशा होतात, कला त्या पुन्हा दिसायला लावते, हे सांगणारी संकल्पनाच सवयीने दिसेनाशी झालीय.

अर्धविराम

सगळे मिळून भरताला नटांपुरता करून टाकताय, म्हणून लिहितोय. रसचर्चा तिथे थांबली नाही. नंतरच्या काव्यशास्त्रकारांपैकी भट्टनायकाने साधारणीकरण (पात्राची भावना एकट्याची न राहता सगळ्यांची होणं) मांडलं आणि अभिनवगुप्ताने रसास्वादातली ७ विघ्नं सांगितली. त्यातलं एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटणं. बघणारा आपल्याच आठवणींत अडकला की समोरचं त्याला दिसत नाही. रिचर्ड्सच्या यादीतही हेच आहे: कवितेशी संबंध नसलेल्या खासगी आठवणी वाचनात घुसतात. मध्ये साधारण नऊशे वर्षांचं अंतर. एकाने विद्यार्थ्यांचे कागद तपासले, दुसऱ्याने प्रेक्षकाचा अनुभव तपासला, आणि दोघे एकाच अडचणीवर येऊन थांबले. ही संज्ञा कोरा_समास यांच्या कसोटीवर सहज उतरते. 'करुण रस ओळखा' ही अभ्यासक्रमाने केलेली थट्टा आहे, त्याचं खापर रससिद्धांतावर फोडू नका.

कोरा_समास

अर्धविराम, रसविघ्नं ठेवली. मूळ धाग्यात मी रसाला जरा स्वस्तात उडवलं, हे तुमच्या मुद्द्यावरून दिसतं. मग काढायच्या कोणत्या ते नावानिशी सांगतो. सपाट (एकाच गुणाची) आणि गोलाकार (अनेक बाजूंची) पात्रं (इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर, १९२७): पात्राला शेरा देऊन मोकळं होण्याची सोय. 'आशय आणि अभिव्यक्ती यांची एकरूपता': ही कोणत्याही कवितेला लावता येते, म्हणून कोणत्याच कवितेबद्दल काही सांगत नाही. आणि मर्ढेकरांची क्षमा मागून, 'भावनानिष्ठ समतानता'. पिढ्यानपिढ्या पाठ केली, वापरताना मी कुणाला पाहिलं नाही.

तळटीप

पहिल्या दोन घेऊन जा. तिसरीला हात लावू नका. उपमा शिकवताना आपण सांगतो, दोन वस्तूंत साम्य असतं: मुख चंद्रासारखं, दोन्ही तेजस्वी. आता कुणी लिहिलं, "रिकाम्या घरात कुलपाचा आवाज जुन्या पत्रासारखा." आवाज आणि पत्र यांच्यात दिसण्या-ऐकण्याचं काहीच सारखं नाही, तरी ओळ पटते, कारण दोन्हींनी जागवलेली भावना एका जातीची आहे. मर्ढेकर साम्य वस्तूंतून उचलून भावनेत नेतात. नवी कविता 'दुर्बोध' म्हणून फेकणारे वाचक याच ठिकाणी अडतात, कारण ते वस्तूंमधलं साम्य शोधत असतात. शब्द बोजड आहे, कबूल. दुसरा हलका शब्द सुचला तर सांगा, पण कल्पना काढून टाकलीत तर ही ओळ विद्यार्थ्याला समजावणार कशी?

कोरा_समास

'मनात सारखं वाटतं म्हणून' असं सांगेन. तेवढ्याने भागतं.

तळटीप

एका ओळीसाठी भागेल. दहा कवींच्या शंभर ओळी शेजारी ठेवून कोण वस्तूंच्या साम्यावर चालतो आणि कोण भावनेच्या, हे लिहायला बसा, मग चौथ्या पानावर तुम्हीच याला काहीतरी नाव द्याल.

निवांत_वाचक

नाव दिलंत की इथेच कळवा, प्रबंधाच्या शीर्षकात जायच्या आत.