मदत हवी आहे: मोर्गों रेड वाइनसोबत आपलं कोणतं जेवण जमेल?

नमस्कार मंडळी, आम्ही फ्रान्समध्ये ल्योंला राहतो. येत्या शनिवारी शेजारचे आजी-आजोबा आमच्याकडे जेवायला येतायत आणि त्यांनी आधीच सांगून ठेवलंय की जेवण तुमच्याकडचं करा, वाइन आम्ही आणू, आणि वाइन म्हणजे मोर्गों, आजोबांची अगदी जीव की प्राण. त्यामुळे माझी फार इच्छा आहे की जेवणाने ती वाइन मारली जाऊ नये.

मोर्गों येते ती ल्योंजवळच्या बोजोले या वाइनच्या प्रदेशातून. बोजोले म्हटलं की नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते ती ताजी, हलकी वाइनच सगळ्यांना आठवते, पण ही तशी नाही. बोजोलेत स्वतःच्या नावाने वाइन विकणारे असे १० खास भाग आहेत, त्यातलं मोर्गों हे एक. द्राक्ष तेच, गामे, पण मोर्गों जास्त भरीव असते, चेरीसारखा वास, किंचित मातकट, आणि चांगल्या वर्षातली असेल तर बरीच वर्षं ठेवतात. मुख्य म्हणजे टॅनिन कमी, म्हणजे तोंड तुरट होत नाही, आणि आंबटपणा छान. तुरट रेड आणि तिखट एकत्र आलं की वाइन कडवट लागते आणि तिखट अजूनच झोंबतं, म्हणून बोर्दोच्या तुरट रेडपेक्षा आपल्या जेवणाला हीच बरी असं माझं ठाम मत आहे.

इथे हिच्यासोबत सोसिसों म्हणजे सुकवलेलं सॉसेज, भाजलेली कोंबडी, मशरूम असं खातात, आणि ल्योंच्या छोट्या खानावळींत ल प्युईच्या हिरव्या मसुरांचं सॅलडही असतं. ते मसूर बघूनच डोक्यात आलं की अख्खा मसूर का नको? कांदा, भाजलेलं खोबरं, थोडा गोडा मसाला, तिखट अगदी बेताचं. सोबत सुकं चिकन, रंगासाठी ब्याडगी, आणि ज्वारीची भाकरी. सुरुवातीला कोथिंबीर वडी.

आता अडलंय कुठे तर, गोड्या मसाल्यातलं दगडफूल आणि लवंग या वाइनसोबत जड होईल का? मला वाटतं मातकटपणाशी जुळेल, पण कोणी खरंच पिऊन बघितलं असेल तर सांगा. चिकनऐवजी मटण करावं का, की मटणापुढे गामे फिकी पडेल? सोलकढी करायची फार इच्छा आहे पण आमसुलाचा आंबटपणा आणि लसूण, वाइनच्या घोटाआधी नको वाटतं, मग शेवटी भातासोबत दिली तर? श्रीखंडाचं मात्र मी ठरवलंय, वाइन संपल्यावरच, कारण गोड खाऊन वर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, रेड प्यायली की नुसती आंबट लागते. मधे इथल्या पद्धतीप्रमाणे चीज ठेवणार, सें मार्सेलँ, गाईच्या दुधाचं, मऊसूत, ते मोर्गोंबरोबर उत्तमच जातं.

अजून एक, बाटली आली की अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणारे, १३-१४ डिग्रीला ही छान लागते आणि घरात हीटर चालू असतो. पण आजोबांनी आणलेली बाटली आपण उचलून फ्रिजमध्ये ठेवली तर त्यांना राग येईल का? फ्रान्समध्ये बरीच वर्षं असलेल्यांनी प्लीज सांगा.

शुक्रवारी संध्याकाळी बाजारात जाणारे, चिकन की मटण एवढं तरी त्याआधी कळवा.