झाडे हाही वारसाच

कारंजी, पुतळे आणि जुनी प्रवेशद्वारे पाहिली की ऐतिहासिक उद्यान पाहून झाले, बाकी नुसती झाडेच असतात, असे काही जण म्हणतात. त्यातल्या ‘नुसती’ या शब्दाशी मी सहमत नाही. इटलीतील पादुआच्या वनस्पती उद्यानात, जे १५४५ मध्ये स्थापन झाले, १५८५ साली लावलेले पामचे झाड आजही काचघरात जपलेले आहे आणि तिथल्या कित्येक बांधकामांपेक्षा ते वयाने मोठे आहे. जर्मन कवी गटेने १७८६ मध्ये ते पाहिले, म्हणून ते त्याच्याच नावाने ओळखले जाते.

शिवाय जमिनीचा चढउतारही पुष्कळदा मुद्दाम घडवलेला असतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचे रचनाकार ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८५८ च्या आराखड्यात उद्यान आडवे ओलांडणारे चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली नेले, त्यामुळे हिरवळीवर उभ्या असलेल्या माणसाला वाहतूक सहसा दिसतच नाही. तिथली तळीसुद्धा मानवनिर्मित आहेत (नैसर्गिक वाटावीत, हाच तर हेतू होता). त्यामुळे अशा ठिकाणी माहितीफलकांच्या मागे धावण्यापेक्षा वाट नेमकी कुठे वळते आणि त्या वळणावर समोर काय उलगडते, इकडे लक्ष द्यावे.