मदत हवी आहे: वाडीवर शिधा न्यावा की बियाण्याला उसने पैसे द्यावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारी काही कुटुंबं. दर पावसाळ्यात मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर तांदूळ, डाळ, तेल, मीठ-मसाला पोचवतो. फोटो निघतात, ग्रुपवर वाहवा होते. यंदा तिथल्या एका मावशींनी सरळच सांगितलं, "दादा, तुमचा तांदूळ सरतो. बियाण्याचं बघा कायतरी."

दिवाळीनंतर ही माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. पावसाच्या तोंडावर परततात तेव्हा भट्टीवाल्याकडून आगाऊ घेतलेली उचल फिटून हातात फारसं उरत नाही. मग बियाणं, खत आणि भात झोडेपर्यंतचं पोट यासाठी पुन्हा भट्टीवाल्याचीच उचल. म्हणजे पुढचा हंगाम आधीच विकलेला. ज्यांना वनपट्टा (वनहक्क कायद्याने कसायला मिळालेली जंगलजमीन) मिळालाय त्यांनाही बँक "सातबारा आणा" म्हणून परत पाठवते. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही, पण हे काउंटरवर सांगणार कोण?

अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य फुकट आहे, तेही धड हाती पडत नाही. विटा उचलून मावशींच्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात. अंगठा पदराला पुसून परत परत ठेवत होत्या, रेशन दुकानातलं पॉस मशीन ठसा काही घेईना.

आमच्यातले निम्मे म्हणतात, बियाणं-खतापुरते बिनव्याजी पैसे देऊ. बाकीच्यांना ते बुडतील अशी भीती. मला बुडण्याची नाही, आपणच सावकार होऊन बसू याची धास्ती आहे. २०१४ चा सावकारी कायदा अशा उसनवारीला लागतो का? पाऊस दगा देऊन गेला तर मागायचं कोणत्या तोंडाने? कोणी केलंय का असं काही? "फुकटची सवय लागेल" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

शहापूरकर: पैसे नकोच, बियाणं द्या. कर्जत-३ सारखा सुधारित वाण घ्या. संकरित घेतलंत तर दरवर्षी नवं विकत आणावं लागेल. झोडणीनंतर घेतलं तेवढंच भात परत, सवाई-दिढी (सव्वापट-दीडपट) नाही. आणि तेही तुमच्याकडे नको, वाडीतल्या बचत गटाच्या कणगीत. पुढच्या पेरणीला त्यातूनच वाटप. शिधा मात्र थांबवू नका. आवणीच्या (भाताची रोपं लावायच्या) दिवसांत घरात दाणा नसेल तर माणूस उचल घेणारच.

आजोळ मुरबाड: अंगठा उठत नसेल तर डोळ्यांच्या स्कॅनचं विचारा, दुकानदार टाळत असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या. भट्टीवर असताना भिवंडीतल्या रेशन दुकानातही तेच कार्ड चालतं, हे बऱ्याच जणांना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि उचलीपायी कोणाला भट्टीवर अडकवून ठेवलं असेल तर १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने ते कर्जच रद्द होतं.

धागाकर्ता: कणगीचं पटलं. गटाच्या ताईंशी बोलतो. कर्जत-३ खात्रीचं कुठे मिळेल?

शहापूरकर: कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात चौकशी करा. मे उजाडायच्या आत जा, नंतर रांग असते.