जास्वंदीच्या कळ्यांवर पांढरा कापूस, काय फवारू?

बाल्कनीतल्या जास्वंदीवर कापसासारखं काहीतरी चिकटलंय, मुंग्याही लागल्यात. आंबट ताक फवारलं, तर नुसता वास सुटला. विषारी औषध नकोय.

कुंडीवाली काकू: अगं, हा पिठ्या ढेकूण. अंगावर मेण असतं, म्हणून नुसतं पाणी निथळून जातं. आधी जुन्या टूथब्रशने घासून काढ. मग ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घोट, त्यात हळूहळू १ लिटर कोमट पाणी. मी एकदा न घोटताच भरदुपारी मारलं, पानं करपली! ऊन उतरल्यावरच मार, पानांखालूनही. आठवड्याने परत.

प्रश्नकर्ती: तंबाखूचं पाणी चालेल?

काकू: मुळीच नको, निकोटिन विषच. आणि मुंग्या त्या ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी येतात, तो गेला की त्याही जातील.